आडावरची बाई अकोल्यात

माणसानं कशाचा अभिमान धरावा याला काही धरबंध नाही. कोणाला आपल्या शाबूत दातांचा असतो, कोणाला अमेरिकेतल्या जावयाचा. अमरावतीच्या वामनराव इंगळ्यांना होता तो अकोल्यात मोडलेल्या खुर्च्यांचा. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत सबंध नोकरी झाली, निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं, घरावर वरचा मजला चढला, पण त्याबद्दल ते कधी अवाक्षर काढत नसत. खुर्च्यांचं तसं नव्हतं. तुम्ही त्यांच्याकडे लग्नाची पत्रिका द्यायला जा, नाहीतर कोणाच्या तेरवीला त्यांच्या शेजारी बसा, पानात वरण पडायच्या आत तुम्ही अकोल्याच्या त्या हॉलमध्ये पोचलेले असणार.

गोष्ट खरी होती. वामनराव नुकते नोकरीला लागले होते तेव्हाची. त्यांच्या हौशी मंडळानं 'आडावरची बाई' नावाचं नाटक बसवलं होतं, आणि ते लिहिलं होतं स्वतः वामनरावांनी, कचेरीच्या वेळात. आडात पडून मेलेली एका घरची सून घरच्यांना छळते आणि शेवटी मांत्रिक, म्हणजे खुद्द वामनराव, येऊन तिला घालवतो, एवढंच कथानक. पण तिसऱ्या अंकात हॉलमधले सगळे दिवे जायचे, प्रेक्षकांच्या पाठीमागचं दार करकरत उघडायचं, आणि ओल्या केसांची, निथळत्या लुगड्यातली ती बाई लोकांच्या मधून चालत यायची. "माही घागर कोनी नेली?" असं एकेकाच्या कानाशी विचारायची. अकोल्याच्या प्रयोगाला लोक जे उठले ते दाराबाहेरच. खुर्च्या मोडल्या, एका गृहस्थाचं धोतर कडीत अडकून तिथंच राहिलं, आणि बाहेरचा पानवाला काय झालं हे न विचारता, दुकान उघडं टाकून त्यांच्यासोबत पळाला. मोडलेल्या खुर्च्यांचा आकडा वर्षागणिक वाढत गेला हे कबूल. पण एवढ्या वर्षांत वाढलं नाही असं काय राहिलंय?

तर यंदा शिवरात्रीच्या सुमारास, सकाळी फिरून आल्यावर चहाच्या टपरीवर वामनराव नेहमीप्रमाणे खुर्च्यांपर्यंत आले होते. शेजारचा धम्मदीप मध्येच बोलला. हा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, माणूस भला, मनात काही नाही. तो म्हणाला, काका, आता नाटकानं कोणी भेत नाही, पोट्टे जेवता जेवता मोबाईलवर भुतं पाहतात अन् वरून चटणी मागतात. सगळे हसले. तेवढ्यावर भागलं असतं. पण मागून कोणीतरी म्हणालं, तवाही लोक भुताले भ्याले नसतीन, शॉर्टसर्किट झालं असन.

हे वाक्य वामनरावांच्या काळजात रुतलं. शॉर्टसर्किट! म्हणजे माणसानं आयुष्यभर जपलेली एकुलती एक मोठी गोष्ट, आणि तिचं श्रेय एका वायरला? त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि जाहीर केलं की तेच नाटक पुन्हा होणार, आधी अमरावतीत, मग अकोल्यात, आणि लोक भेणार. एक तरी खरी किंकाळी हॉलमध्ये ऐकू आली नाही, तर खुर्च्यांचं नाव पुन्हा काढणार नाही. बोलून गेले आणि मग घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की किंकाळी नाही आली तर पुढचं सगळं आयुष्य गप्प बसून काढावं लागेल.

पहिल्यांदा ते अब्दुल गफ्फारकडे गेले. गफ्फारभाई म्हणजे जुन्या नाटकाचा सगळा आवाज. ढगांचा गडगडाट, आडात दगड पडल्याचा आवाज, दाराची करकर, सगळं ते एका लोखंडी पत्र्यावर आणि दोन डब्यांवर काढायचे. आता मंडप-साउंडचा धंदा मुलगा सरफराज पाहतो आणि गफ्फारभाई बकऱ्या पाहतात. तो जुना पत्रा त्या बकऱ्यांच्याच डोक्यावर छप्पर म्हणून होता. वामनरावांनी विषय काढताच गफ्फारभाईंनी एका शब्दानं काही विचारलं नाही, शिडी लावून पत्रा उतरवला, आणि बकऱ्या भर उन्हात बें बें करत उभ्या राहिल्या. पत्र्याला एक हादरा देऊन त्यांनी वामनरावांकडे पाहिलं. गडगडाट तोच होता.

काय दिवस होते ते! सरकीच्या ट्रकवर सेट टाकायचा, सेटवर नट बसायचे, आणि मूर्तिजापूरला चहासाठी ट्रक थांबला की रंगवलेला आड खाली उतरवून त्याच्या सावलीत सगळे लोळायचे. अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या मुक्कामाला असायच्या, गाडीवान नाटकाला येऊन बसायचे, आणि हॉलभर कापसाचा तो उबदार वास दरवळायचा. आणि शकुन. टायपिंगच्या क्लासातून मंडळात आलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी मुलगी. अंगावर पाण्याची बादली ओतून घेतली की दारातून जी यायची ती वेगळीच कोणी असायची. वामनरावांनी तिच्याशी लग्न केलं ते अकोल्याच्या प्रयोगानंतर सहाच महिन्यांनी. लग्न झाल्यावर त्यांच्या आईनं एकच वाक्य म्हटलं होतं, इंगळ्याइची सून भूत होनार नाई, आणि तो विषय मिटला. पुढं दुसऱ्या मुलीला घेऊन दोन प्रयोग झाले, पण कोणी भ्यालं नाही आणि नाटकही मिटलं. वामनरावांना हे सगळं अगदी सरळ वाटलं होतं.

परवानगीच्या खिडकीवरच्या बाबूनं पहिला प्रश्न विचारला, नाटकात भूत आहे का. वामनराव म्हणाले, आहे. मग बाबूनं विचारलं, खरं आहे की खोटं? हा प्रश्न एखाद्या लेखकाला विचारायचा असतो का? वामनरावांनी छाती पुढं काढून सांगितलं की नाटकापुरतं खरं आहे. बाबू म्हणाला, तसं चालत नाही, खरं म्हटलं तर अंधश्रद्धेच्या कायद्यात जातं. खोटं म्हणा, अन् पडदा उघडायच्या आधी तसं माईकवरून सांगा. तीन चकरा मारून, एका वरिष्ठासमोर मान हलवून, अखेर वामनरावांनी मान्य केलं की त्यांचं भूत खोटं आहे. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यांची मात्र कमी नव्हती. कोणी म्हणे भुताला डीजे द्या, कोणी म्हणे शेवटी भुताचं लग्न लावा, लोकांना शेवट गोड लागतो. वरच्या गल्लीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी भुतानं शुद्ध मराठी बोलावं असा आग्रह धरला आणि दोन दिवस त्यासाठी येऊन बसले. धम्मदीपनं नाटकात डॉक्टरची भूमिका घ्यायचं कबूल केलं. भूत मले मान्य नाई काका, पन भूमिका मान्य हाये, असं तो म्हणाला. माईकवरची घोषणाही त्याच्याकडेच दिली. तिथं वामनराव चुकले.

भुताच्या कामाला पिंकी मिळाली. कॉलेजात एकांकिका करणारी, आवाज खणखणीत, पाठांतर चोख. फक्त ओले केस तिला मंजूर नव्हते, केस ओले झाले की कुरळे होतात म्हणे. तालमी वामनरावांच्याच वरच्या मजल्यावर व्हायच्या, आणि पिंकी कुठं अडली तर खालच्या स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य यायचं. शकुनला सगळं नाटक पाठ होतं, मांत्रिकाच्या मंत्रांसकट. वामनरावांना ते सोयीचं वाटलं, प्रॉम्प्टर शोधावा लागला नाही.

अमरावतीचा प्रयोग व्हायचा तसा झाला. धम्मदीपनं घोषणा सुरू केली ती भूत खोटं आहे इथून, आणि मग त्याच्यातला मास्तर जागा झाला. ध्वनी कसा निर्माण होतो हे सांगायला त्यानं गफ्फारभाईंचा पत्रा विंगेतून ओढून आणला आणि वाजवून दाखवला, दोनदा. लोकांनी टाळ्या दिल्या. तिसऱ्या अंकात दिवे गेले, मागचं दार करकरलं, आणि प्रत्येकानं खिशातून मोबाईल काढून त्याची बॅटरी लावली. दिवे असताना हॉलमध्ये पडला नव्हता एवढा उजेड पडला. त्या उजेडात पिंकी पार्लरमधून तयार होऊन आलेली दिसत होती. तिनं पहिल्याच माणसाला विचारलं, माही घागर कोनी नेली, आणि त्या सज्जन माणसानं हात करून सांगितलं, ताई, तिकडं स्टेजवर हाये पाहा, खांबाच्या बाजूले. मग दोन-तीन रांगांनी मिळून तिला रस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी गल्लीत जो भेटेल तो म्हणत होता, काका, बम्म हसलो, असं नाटक पायलंच नव्हतं. वामनराव प्रत्येकाला थँक्यू म्हणत घरी आले आणि पंखा लावून भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता उरलं अकोला. अकोला म्हणजे माहेरच त्या नाटकाचं, तिथली माती वेगळी, असं ते स्वतःला सांगत होते. तेवढ्यात पिंकीची आई आली. पिंकीला पाहायला अकोल्याचीच मंडळी येणार होती, आणि कोणीतरी त्यांना प्रयोगाचा फोटो पाठवला होता. पोरीचं जमून जाऊ द्या, मंग पाहू, असं ती म्हणाली. वामनराव समजूतदारपणे मान हलवत होते, पण शकुन चहाचे कप उचलता उचलता थांबली. पिंकीले काय वाटते, असं तिनं विचारलं. पिंकीची आई म्हणाली, तिले काय वाटाचं त्याच्यात, आणि निघून गेली.

वामनराव डोक्याला हात लावून बसले. प्रयोग पाच दिवसांवर, हॉल ठरलेला, तिकिटं गेलेली. शकुन कप धुऊन आली, पदराला हात पुसले, आणि म्हणाली, "मी करीन."

वामनरावांनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं. "तुह्या गुडघ्याइचं काय?"

"भुताले गुडघे नसतेत," शकुन म्हणाली.

दुसरा इलाज नव्हता. पुढचे दिवस वामनरावांनी तिला कसं चालायचं, कुठं थांबायचं ते शिकवलं. तिनं ते शिकून घेतलं, म्हणजे मान हलवली आणि केलं आपल्याच पद्धतीनं.

अकोल्याचा प्रयोग दुपारी दोनचा होता, कारण संध्याकाळी तिथं कोणाचं तरी रिसेप्शन होतं. चैत्रातली अकोल्याची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना भुताची भीती घालायचं कारणच नाही. गफ्फारभाईंनी खिडक्यांना मंडपाचे जाड पडदे लावले. सगळी तिकिटं एका महिला मंडळानं घेतली होती, आणि वामनराव त्यावर फार खूश होते. बायका म्हणजे भ्यायला उत्तम, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी घरात बोलून दाखवलं नाही, एवढी अक्कल त्यांना होती.

हॉलवर गेले तर दारात रांगोळी, गुलाबपाणी आणि कैरीच्या डाळीचा वास. मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. दरवर्षी भजन असायचं, यंदा काहीतरी वेगळं म्हणून त्यांनी नाटक घेतलं होतं, आणि कसलं नाटक हे कोणी विचारलं नव्हतं. स्टेजवर मधोमध झोपाळ्यात गौर बसलेली, पुढं कलिंगडाची कमळं आणि आंब्याची आरास. वामनरावांनी अध्यक्षबाईंना कळवळून सांगितलं की हे पछाडलेलं घर आहे. त्या म्हणाल्या, असू द्या की, पन आमची गौर संध्याकाळपावतो हालत नाई. शेवटी पछाडलेल्या घरात गौर राहिली. विंगेत काळी कफनी घालून, कपाळाला भस्म फासून उभ्या असलेल्या वामनरावांच्या हातावर कोणीतरी अत्तर लावून गेलं आणि गफ्फारभाईंना दोन ग्लास पन्हं मिळालं.

पहिले दोन अंक कसे गेले ते विचारू नका. बायकांनी डॉक्टर झालेल्या धम्मदीपला औषध सुचवलं, तेही बरोबर होतं. वामनरावांनी सगळा जीव तिसऱ्या अंकावर ठेवला. दिवे गेले. दार करकरलं. एकही मोबाईल लागला नाही, कारण बायकांचे दोन्ही हात ओटीच्या पिशव्यांत गुंतले होते.

"माही घागर कोनी नेली?"

तो आवाज ऐकून वामनरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्या वर्षांत तो आवाज त्यांनी घरात कधी, तालमीतसुद्धा, ऐकला नव्हता. घरात त्यांनी फक्त दूध आलं, भाजी काय करू, गोळी घेतली का, एवढंच ऐकलं होतं. शकुन अंधारातून येत होती. उन्हाळा इतका की लुगड्याचं पाणी दारापासून मधल्या रांगेपर्यंत येईस्तोवर वाळून चाललं होतं, पण ती तीच होती. एका बाईनं पाय वर घेतले. एकीनं शेजारणीचा हात धरला. वामनराव विंगेत डोळे मिटून उभे राहिले. आता येणार किंकाळी, आता येणार.

किंकाळी आली नाही. मधल्या वाटेवरच्या खुर्चीतून एक म्हातारी उठली. आशाबाई तिचं नाव. बाजूच्या खेड्यातून सुनेसोबत आली होती, जन्मात पहिल्यांदा नाटक पाहत होती. आता आपल्याकडे खेड्यात रीत काय आहे? अशी कोणी आली तर तिच्यापासून पळत नाहीत. तिला बसवतात, पाणी देतात, तिचं काय राहून गेलं ते विचारतात, असेल ते देतात आणि मग जा म्हणतात. आशाबाईंनी आयुष्यभर तेच पाहिलं होतं. त्यांनी शकुनचं मनगट धरलं आणि शांतपणे विचारलं, "काय राहून गेलं माय तुहं?"

हे नाटकात नव्हतं. भुताला काही विचारावं असं लिहिताना वामनरावांना सुचलंच नव्हतं, त्यांच्या नाटकात भुताला फक्त घालवायचं होतं. शकुन गप्प उभी राहिली. वामनरावांना वाटलं ती वाक्य विसरली. ते विंगेतून फुसफुसले, "घागर! घागर म्हन!"

"घागर नाई पायजे मले," शकुन म्हणाली.

पुढच्या रांगांतल्या बायका मागं वळल्या.

"मले नाटकात काम कराचं होतं. तेवढंच एक मले चांगलं येत होतं. लगन झालं अन् राहून गेलं."

"कोनी नाई म्हनलं?" आशाबाईंनी विचारलं.

"सासू म्हनली. पन सासूचं काय, सासू म्हननारच. ज्यानं नाटक लिवलं होतं ना, त्यानं एक डाव इचारलं नाई, तुले कराचं हाये का म्हून."

अंधारात सगळ्या बायकांनी एकदम च्च् च्च् केलं. गफ्फारभाईंना पत्र्यामागं काही ऐकू येत नव्हतं, त्यांनी ठरल्याप्रमाणे गडगडाट केला, आणि कोणीतरी त्यांना, चूप बसा हो भाऊ, असं दटावलं. कोणीतरी सांगून दिवे लावून घेतले. आशाबाईंनी पिशवीतून खण काढला, नारळ काढला, आणि भर नाटकात भुताची ओटी भरली. मग अध्यक्षबाई उठल्या. त्यांच्यामागे दुसरी, तिसरी, रांगच लागली. शकुन पदर पसरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

नाटकाप्रमाणे आता मांत्रिकाची वेळ होती. चाळीस वर्षांपूर्वीची सवय. वामनराव भस्माची वाटी घेऊन उजेडात आले. "जा इथून" हे त्यांचं वाक्य होतं. रांग थांबली. भरल्या हॉलमधल्या सगळ्या बायकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आशाबाईंनी त्यांना कफनीपासून भस्मापर्यंत न्याहाळलं आणि शकुनला विचारलं, "हाच का थो, लिवनारा?"

शकुननं ओटीचा पदर सावरून धरला. वामनरावांच्या हातातली वाटी सुटून भस्म कलिंगडाच्या कमळांवर सांडलं. लोकांना भेवाडायला निघालेल्या माणसाला भीती म्हणजे काय ते त्या दुपारी कळलं. सगळ्या हॉलमध्ये एकटे तेच भ्याले, पण भ्याले ते अगदी खरे. ते गौरीच्या झोपाळ्याशेजारी मटकन खाली बसले, आणि त्यांना उठवायला कोणी आलं नाही, धम्मदीपसुद्धा नाही.

सेट घेऊन गफ्फारभाई आणि धम्मदीप टेम्पोनं परतले. वामनराव आणि शकुन संध्याकाळच्या आगगाडीत बसले, अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरायचं होतं. शकुनच्या मांडीवर ओटीचं गाठोडं होतं, नारळांचा ढीग वरच्या फळीवर. वामनरावांच्या कपाळावर अजून भस्माचे डाग होते. बोरगाव गेलं, काटेपूर्णा गेलं, तरी ते खिडकीबाहेरच पाहत होते. किंकाळीचं, खुर्च्यांचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"शकुन," ते म्हणाले, "तुले कोन्तं काम कराचं होतं?"

शकुननं त्यांच्याकडे नीट पाहिलं, चेष्टा तर करत नाहीत ना म्हणून. मग तिनं ओटीतले भिजवलेले हरभरे त्यांच्या हातावर ठेवले आणि सांगायला लागली. एक राणीचं काम होतं. एक वेडीचं होतं, ते तिनं स्वयंपाकघरात एकटीनं पुष्कळदा करून पाहिलं होतं. एका म्हातारीचं होतं, त्यासाठी तेव्हा वय बसत नव्हतं, आता बसेल. एक हसायचं होतं. ती उठून उभी राहून दाखवायला लागली, समोरच्या बाकावरची माणसं सरकून जागा करून देऊ लागली, आणि वामनराव हरभरे हातात तसेच धरून ऐकत राहिले. मूर्तिजापूर गेलं. कुरूम गेलं. तिची कामं काही संपत नव्हती.

बडनेऱ्याला उतरायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.